सुमन सिस्टरांचे तीन नंबर

सुमन सिस्टरांकडे चहाला गेलं की चहा आपणच करावा लागे. "साखर वरच्या डब्यात," एवढं सांगून त्या खुर्चीत बसून राहत. पहिल्यांदा मला वाटलं, आपलं काही चुकलं.

"चुकलं काय त्यात? तू तीन नंबरची."

मुरबाडला जन्मभर नर्सची नोकरी केलेल्या आमच्या या शेजारीणबाईंनी जगाची वाटणीच केली होती. एक नंबर, म्हणजे ज्यांचं सगळं आपण करायचं. दोन नंबरवाल्यांनी अर्धं करायचं, अर्धं आपण. तीन नंबरला फक्त सांगायचं. वाटणी एका अमेरिकन नर्सबाईंच्या पुस्तकातली. माणूस आपली काळजी आपणच घेत असतो, तो कमी पडेल तेवढंच नर्सने भरून काढावं, असं त्या बाईंचं म्हणणं. त्याहून जास्त केलं तर सिस्टर त्याला लुडबुड म्हणत. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून अडलेली वाक्यं माझ्याकडे येत. मला बोलायचा संकोच. वाचून दाखवायला चाले.

"बाई बरोबर बोलतेय," सिस्टर पुस्तकाला शाबासकी देत.

मग त्यांच्या यजमानांना, नानांना, अर्धांगाचा झटका आला. सिस्टर त्यांना भरवत, पुसत, कुशीवर वळवत. उजवा हात हलला त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आजपासून दोन नंबर."

म्हसा गावची, बैलबाजाराची जत्रा आली. बैल घ्यायचा नसला तरी नाना दरवर्षी दात बघून यायचे. यंदा जायला सिस्टरांची अट एकच: शर्टाची बटणं स्वतः लावायची.

जीप दारात आली तेव्हा नाना दुसऱ्या बटणाशी झटत होते. सिस्टर ओट्यावरच्या बाजेवर ढिम्म बसून.

शेजारच्या काकू कळवळल्या. "अगो, जत्रा सपेल तवर! लाव ना दोन बटनं. नवरा हाय का शाळेतला पोर?"

"हात चालतोय त्यांचा. मी माझा घातला, तर तो बसून राहील."

"सिस्टर, येताय का जाऊ?" जीपवाला ओरडला.

"थांब रे!" नाना गरजले. आजारपणानंतर त्यांचा एवढा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता.

शेवटचं बटण लागलं. सगळीच एक घर चुकलेली, कॉलर एकीकडे उंच. काकू नीट करायला धावल्या.

"हात लावू नका," सिस्टर म्हणाल्या. "जत्रेत असेच शोभतील."

त्या उठल्या, नानांना जीपमध्ये बसवलं आणि घराची किल्ली माझ्यापुढे धरली. बोटं सरळ होत नव्हती. तळव्यांवर बाजेच्या सुंभाची वीण लालबुंद उमटली होती. इतका वेळ त्या स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या.