रीतसर सुटका

उपनगर मानवी तस्करी निर्मूलन कक्षाच्या अंधेरी कार्यालयात जानकी परब नावाची बाई मंगळवारी सकाळी स्वतःच्या पायांनी चालत आली, आणि तिथूनच अडचणीला सुरुवात झाली.

इस्पितळात नोकरी लावतो म्हणून एका एजंटाने तिला सावंतवाडीहून आणलं होतं. प्रत्यक्षात चौदा महिने ती आठव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये राबत होती. फोन काढून घेतलेला, दाराला बाहेरून कुलूप. त्या दिवशी मालकीणबाई कुलूप लावायला विसरल्या.

"माका घराक जावचा आसा," ती म्हणाली.

टेबलापलीकडच्या कारकून मृणालिनीबाईंनी फॉर्म काढला. "सुटका कोणी केली?"

"कोणी नाय. मीच पळान इलंय."

"तसा रकाना नाहीये. पोलीस, संस्था किंवा इतर विभाग."

कक्षप्रमुख चंद्रप्रकाश साहेब चिंतेत पडले. तस्करी रोखण्याबद्दल देशादेशांना श्रेणी देणारं परदेशी पथक गुरुवारी पाहणीला येणार होतं, आणि वर्षभरात कक्षाच्या नावावर एकही सुटका नव्हती.

"बाई, सुटका ही शासनाने करायची गोष्ट आहे. अशी परस्पर करता येत नाही. तुम्ही परत जा, गुरुवारी आम्ही धाड टाकतो."

"परत? त्याच घरात?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

जानकी जागची हलेना, तेव्हा तिला सरकारी गाडीने पोचवण्यात आलं. मालकीणबाईंनी साहेबांचे आभार मानले आणि दाराला दुसरं कुलूप घातलं.

गुरुवारी पथकाचं विमान चुकलं. मग बॅनरवर मंत्रिमहोदयांचं नाव चुकलं. धाड पडली एकोणीस दिवसांनी. जानकीला दारातून तीनदा बाहेर यावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा ती रडत नव्हती. पथकाने टाळ्या वाजवल्या. श्रेणी एका पायरीने सुधारली. जानकीची रवानगी निवारागृहात झाली. घरी जाण्यासाठी वेगळा फॉर्म असतो.

धाड संपवून निघताना लिफ्टपाशी शेजारच्या फ्लॅटमधल्या सुनंदाताईंनी साहेबांना गाठलं.

"सर, एवढे महिने भिंतीला भिंत, पण बाईचा आवाज नाही, सुट्टी नाही. आमची दर रविवारी दांडी मारते. त्या एजंटचा नंबर मिळेल का?"

"तो पुरावा आहे, मॅडम. देता येणार नाही."

नियम म्हणजे नियम. सुनंदाताईंनी नंबर सोसायटीच्या ग्रुपवरून घेतला. तुमच्याही ग्रुपवर असेल. 'विश्वासू बाई, चोवीस तास' असं टाकून बघा.