दारावरचा सूर्य

बाथरूमच्या दाराची मूठ विश्रामरावांच्या हातात आली तेव्हा आधी त्यांना वाटलं, आपल्या अंगात अजून बरीच ताकद आहे. मग त्यांनी दार ओढायला हात पुढे केला, तर ओढायला काही उरलंच नव्हतं. बाहेरची मूठ बाहेर शाबूत होती, आतली विश्रामरावांच्या हातात होती, आणि अंघोळ करून, स्वच्छ पायजमा-बनियन घालून ते स्वतः आत होते.

मूठ बरेच दिवस डुगडुगत होती, हे त्यांना माहीत होतं. ऑफिसात सांगितलं असतं तर सुतार आला असता. पण पौडच्या अलीकडच्या त्या ज्येष्ठांच्या वसाहतीत ऑफिसात सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं. मूठ सैल झाल्याची बातमी चहापर्यंत 'विश्रामरावांचे हात थरथरतात' अशी होते आणि जेवणापर्यंत त्यांना अर्धांगाचा झटका येऊन जातो. इथे वर्तमानपत्र दुपारी येतं, तरी कुणाचं काही अडत नाही.

आणि नेमकी आज अपूर्वा येणार होती. ही विश्रामरावांची एकुलती एक लेक महाळुंग्याला बाराव्या मजल्यावर राहते. बायको गेल्यावर ते काही महिने तिच्याकडे राहून आले होते. तिथे कशाची कमी नव्हती, फक्त बोलायला माणूस नव्हतं. अपूर्वा आणि जावई निषाद दिवसभर लॅपटॉपशी बोलत. इथे भांडायला माणसं होती, खोलीतून डोंगर दिसत होता, संध्याकाळी कॅरम होता. पण मध्यंतरी पायरीवरून त्यांचा पाय जरासा घसरला, ती बातमी वाढत वाढत लेकीपर्यंत गेली आणि तिने बजावलं, "बाबा, आता आणखी एक काहीही झालं ना, की मी तुमचं सामान बांधणार."

थोडक्यात, विश्रामरावांना सुटका हवी होती, पण बोभाटा न होता.

एरवी एव्हाना कुणीतरी दार ठोठावलंच असतं. वसाहतीची तशी पद्धतच होती. प्रत्येकाच्या दाराबाहेर एक लाकडी चकती, तिच्या एका बाजूला चंद्र आणि दुसऱ्या बाजूला सूर्य. सकाळी धडधाकट उठलं की सूर्य पुढे करायचा. उजाडून बराच वेळ झाला तरी चंद्रच दिसला, तर शेजाऱ्याने चौकशी करायची. विश्रामरावांच्या शेजारी नलिनीताई होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या होत्या, पण इकडचं तिकडे जोडून द्यायची सवय सुटली नव्हती. त्या उजाडायचीही वाट बघत नसत. म्हणून विश्रामराव रात्री झोपतानाच सूर्य पुढे करून ठेवत. आपल्या या युक्तीवर ते फार खूश होते. आजही त्यांच्या दारावर सूर्य लख्ख होता आणि विश्रामराव ठणठणीत आहेत याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती.

खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांतून मागची पायवाट दिसायची. तिथून कोंडाजीअण्णा चालले होते. वसाहतीची जमीन मूळची त्यांची. ती देताना त्यांनी एक खोली मागून घेतली होती, आणि आता ते आपल्याच शेतात पाहुण्यासारखे राहत. गुपित ठेवणारा तो एकमेव माणूस, कारण कानाचं यंत्र ते खिशात ठेवत.

"अण्णा! ओ अण्णा!" विश्रामरावांनी दबक्या आवाजात हाक मारली.

यंत्र खिशातच होतं. अण्णा फणसाला लागलेली फळं न्याहाळत पुढे निघून गेले.

मागोमाग नलिनीताई आणि त्यांच्या रोजच्या फिरण्यातल्या सोबतीण अनसूयाबाई आल्या.

"विश्रामराव आज फिरायला दिसले नाहीत," अनसूयाबाई म्हणाल्या.

"सूर्य आहे ना दारावर! तब्येतीला काही झालेलं नाही. काल कॅरममध्ये हरले, त्याचा रुसवा आहे."

"चहालाही नव्हते हो."

"आज लेक येतेय. न्यायलाच येत असणार. बांधाबांध चालली असेल."

"अगंबाई! म्हणजे खोली रिकामी होणार?"

"डोंगराकडची आहे बाई. माझ्या बहिणीसाठी मी कधीचं सांगून ठेवलंय."

विश्रामरावांनी ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडलं तर बाहेर पडता येईल, पण खोली जाईल. गप्प बसलं तर खोली राहील, पण तिच्यातली बाथरूमच तेवढी वापरता येईल. ते बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिले.

जेवणाची वेळ जवळ आली तेव्हा पुढच्या दारात अपूर्वाकडची किल्ली फिरली. "बाबा! कुठे आहात?"

विश्रामरावांनी घाईने नळ सोडला. "अंघोळ करतोय गं!"

"आत्ता?"

"जरा सावकाश चाललंय!"

"चालू द्या. मी बसते."

ती बसली. नळ वाहत राहिला. पाणी असं वाया घालवणं विश्रामरावांना जन्मात जमलं नव्हतं. शेवटी त्यांनी नळ बंद केला आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाले, "अपू, जरा दार उघडतेस? बाहेरून?"

"का? चक्कर आली? पडलात?" अपूर्वा मूठ फिरवून वाऱ्यासारखी आत शिरली आणि तिने बाबांचे दोन्ही दंड पकडले.

"दार! अगं, दार धर!"

डोंगरावरून येणारा वारा त्या खोलीत फार छान येतो. दार धाडकन बंद झालं. विश्रामरावांनी हातातली मूठ लेकीला दाखवली.

"फोन?" त्यांनी विचारलं.

"पर्समध्ये."

"पर्स?"

"पलंगावर."

विश्रामरावांच्या जिवात एकदम जीव आला. आता अडकलेले ते एकटेच नव्हते. "मग हाका मारूया. नलिनीताई लगेच येतील."

"थांबा! नको! त्यांच्याकडे निषादचा नंबर आहे."

"तूच दिलास मागच्या वेळी."

"बाबा, मी आज सकाळीच त्याला म्हटलंय, बाबांना एकटं ठेवणं धोक्याचं आहे म्हणून. हे कळलं तर तो वर्षभर हसेल."

विश्रामरावांनी तिला बादली दिली आणि स्वतः अंघोळीच्या स्टुलावर बसले. मग अपूर्वाला हसू फुटलं आणि तिला बघून त्यांनाही. तिची आई गेल्यापासून बापलेक असे समोरासमोर, मधे काही न वाजता, बसलेच नव्हते. विश्रामरावांना फार बरं वाटलं.

"बाबा, खरं सांगा. तुम्हाला इथे आवडतं?"

"आवडतं गं. तुझ्याकडे मला जपतात. इथे मला चिडवतात."

तेवढ्यात बाहेर झाडूचा आवाज आला. साफसफाईला येणाऱ्या सारजाबाई उघड्या दारातून आत आल्या होत्या. अपूर्वाने हळूच दार वाजवलं. सारजाबाईंनी ते उघडलं आणि उंबऱ्यात उभं राहून दोघांना नीट पाहून घेतलं.

"आगं बया! दोघंबी हितंच? कोन अडाकलं व्हतं?"

लेकीने बापाकडे पाहिलं.

"ही आत आली आणि दार धाडकन बंद झालं," विश्रामराव म्हणाले. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. अपूर्वानेही त्यात काही दुरुस्ती सुचवली नाही.

"तुमी संगं व्हता म्हनून बरं!" सारजाबाई म्हणाल्या. "न्हाईतर पोरीनं हाय खाल्ली असती." आणि झाडू तिथेच टेकवून त्या लगबगीने बाहेर पडल्या.

दोघं जेवायला गेले तेव्हा बातमी ताटावर बसली होती. अपूर्वाला खुर्ची ओढून देण्यात आली. अनसूयाबाईंनी तिच्यापुढे लिंबाचं सरबत ठेवलं. कोंडाजीअण्णांनी तर मुद्दाम यंत्र काढून कानात घातलं.

"पोरी, लई येळ व्हतीस व्हय आत? आता बरं वाटतंय न्हवं?"

"अहो, मी ठीक आहे. मला काही झालेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात," नलिनीताई तिचं मनगट धरून नाडी मोजत म्हणाल्या. "रंग बघा कसा उतरलाय. घरी दिवसभर एकटीच खोलीत दार लावून बसतेस ना? बाराव्या मजल्यावर? काही झालं तर कुणाला कळणार?"

"निषाद असतो ना शेजारच्या खोलीत."

"त्यांना मी फोन केलाय. म्हटलं, घाबरू नका, वडील सोबत होते म्हणून निभावलं."

अपूर्वाने डोळे मिटून घेतले. विश्रामराव मन लावून वरणभात कालवत होते.

"विश्रामराव, माझं ऐका," नलिनीताई म्हणाल्या. "हिला असं एकटं सोडू नका. थोडे दिवस इथेच तुमच्या नजरेखाली ठेवून घ्या."

सगळं जेवणघर विश्रामरावांकडे बघू लागलं. अपूर्वाही बघत होती. त्यांनी घास खाली ठेवला आणि बराच विचार केला.

"बघू," ते म्हणाले. "तिच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही मला."