मध्यंतरानंतरचे अण्णा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी वसंतराव शेवाळे हे नाव घेतो. आईवडिलांचं नाव त्यानंतर. त्यांना याचं वाईट वाटत नाही, कारण त्यांना विचारलं तर तेही हेच नाव घेतील. वसंतराव म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर त्यांची सगळी नोकरी झाली. माणूस सरळ, शब्दाचा पक्का, निर्व्यसनी. पण या माणसाने वयाची साठी उलटली तरी आजवर एकही सिनेमा सुरुवातीपासून पाहिलेला नाही.

एकही म्हणजे एकही. घरात टीव्हीवर सिनेमा लागला की अण्णा गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतात. अर्धा सिनेमा झाला की आत्या आतून ओरडते, "अहो, या आता, झालं निम्मं!" मग ते हात पुसत येतात, खुर्चीत बसतात आणि पडद्यावरच्या माणसाकडे बोट दाखवून विचारतात, "हा चांगला का वाईट?" तेवढं एक कळलं की त्यांना पुढचं सगळं समजतं.

ही सवय सिनेमापुरती राहिली असती तरी ठीक होतं. कीर्तनाला ते पूर्वरंग संपल्यावर पोचतात. लग्नात अक्षता पडून गेल्यावर येतात आणि जेवणाच्या पंगतीला मात्र वेळेवर असतात. आत्या सांगते, "मला बघायला आले तेव्हापण पोहे खाऊन झाले होते सगळ्यांचे. मी आत निघून गेले होते. ह्यांनी रिकामी बशी बघितली आणि हो म्हणाले." त्यावर अण्णांचं उत्तर ठरलेलं असतं, "सुरुवात काय, कुणीपण सांगतं. शेवट स्वतः बघावा लागतो."

मी शिकलो तोही या सवयीमुळेच. आमचं गाव लासलगावजवळ. वडील मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलायचे. माझी बारावी झाली तेव्हा घरात बैठक बसली. चुलते, मामा, शेजारचे दोन जाणते, सगळे होते. मला एका आडत्याकडे कामाला चिकटवायचं ठरलं. वडील म्हणाले, "लय झालं शिक्षण. पुढं शिकून कुठं कलेक्टर होणार हाय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आईने चहा टाकला. आणि तेव्हा अण्णा नेहमीप्रमाणे निम्म्यातून उगवले. आधीचं काहीच ऐकलेलं नव्हतं. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "मग, कॉलेजला कधी पाठवताय ह्याला? आमच्याकडे माळ्यावरची खोली रिकामीच आहे." सगळ्यांनाच पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगायचा कंटाळा आला. आठवडाभरात मी वळकटी घेऊन सातपूरला पोचलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर असा झाला.

अण्णांच्या घरी राहायला लागल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मला विचारलं, "तू यानाचा पिक्चर पाहिलाय का?"

मी नाही म्हणालो. त्यांचा चेहरा उजळला. "मग बस," ते म्हणाले.

हा यानाचा पिक्चर म्हणजे त्यांच्या लहानपणी नाशिकला लागलेला एक इंग्रजी सिनेमा. मेन रोडच्या मागे एक थेटर होतं, तिथे आता कपड्यांचं दुकान आहे. सिनेमाला इंग्रजी नाव होतं, पण ते कुणाला उच्चारता येत नव्हतं. पोस्टरवर आकाशातून जाणारं चंदेरी यान होतं आणि खाली एक लोखंडी माणूस. गल्लीतली सगळी पोरं वेडी झाली होती. अण्णा तेव्हा तिसरीत, त्यांचे थोरले भाऊ आठवीत. त्यांना अण्णा दादा म्हणायचे, म्हणून आम्हीही दादाच म्हणायचो. दोघांना मिळून घरातून एका तिकिटाचे पैसे मिळाले.

तेव्हाची पद्धत अशी होती की मध्यंतरात बाहेर जाणाऱ्याला दारवान पुठ्ठ्याचा एक तुकडा द्यायचा. तो गेटपास. तो दाखवला की परत आत. मग पोरं काय करायची, एक जण तिकीट काढून पहिला भाग बघायचा आणि मध्यंतरात गेटपास दुसऱ्याच्या हातात द्यायचा. दोघांनी मिळून एक सिनेमा. रांगेतली रेटारेटी लहानग्याला झेपणार नाही, म्हणून पहिला भाग दादांच्या वाट्याला आला आणि दुसरा अण्णांच्या. पहिला भाग चालू होता तेवढा वेळ अण्णा बाहेर सायकल स्टँडजवळच्या पायरीवर बसून भिंतीतून येणारी घरघर ऐकत होते.

सिनेमा सुटला तेव्हा दादा बाहेर थांबलेले होते. पंचवटीपर्यंत चालत जाताना त्यांनी धाकट्याला पहिला भाग सांगितला, मग धाकट्याने त्यांना दुसरा. गंमत अशी की दोघांनाही इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं.

दादांचा पहिला भाग मला तोंडपाठ आहे. पृथ्वीवरचं पाणी संपतं. गंगापूर धरण आटतं. मग कॅप्टन पाणी शोधायला यान घेऊन निघतो. लोखंडी माणूस सगळ्यांना राम राम करतो. चंदेरी कपड्यांतली बाई यानात असते, ती कॅप्टनच्या शाळेतली बाई. अण्णांनी दुसऱ्या भागात कॅप्टनला त्या बाईच्या ओठांचा मुका घेताना बघितलं आणि त्यांना घाम फुटला. त्यांनी घाबरत घाबरत दादांना विचारलं. दादांनी जरा विचार केला आणि सांगितलं, "निरोपसमारंभ असंल."

आणि यानात एक लहान पोरगा होता. अंगाने बारीक, पण धीट. अंधारात कॅप्टनला बॅटरी धरून दाखवायचा. त्याचं नाव वसंता.

"इंग्रजी पिक्चरमध्ये वसंता?" तिसरीतल्या अण्णांनी विचारलं होतं.

"इंग्रजीत काहीतरी वेगळं म्हणत होते. मी तुला मराठीत सांगतोय ना."

"पण दुसऱ्या भागात तर तो नव्हता!"

"इंटरवलला उतरला."

"कुठं?"

"वाटेत एका ग्रहावर. त्याची शाळा होती."

हे सांगताना अण्णा असे हसायचे की डोळ्यांतून पाणी यायचं. आणि ज्यांनी तो सिनेमा पहिल्यापासून पाहिलाय, त्यांच्यावर ते मनापासून जळायचे. समोरच्या बंगल्यातले वकीलसाहेब एकदा सहज म्हणाले, "तो ना? मी पुण्यात पाहिला. दोनदा." अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "पहिला भागपण दोनदा?" वकील म्हणाले, "अर्थात." त्यानंतर कितीतरी दिवस अण्णा त्या बाजूच्या फुटपाथने गेले नाहीत. "हावरट माणूस," ते आत्याला सांगायचे.

अण्णा वकिलांवर जळत होते आणि मी दादांवर.

हे मोकळेपणाने लिहितो. दादा एसटीत ड्रायव्हर होते. ड्युटी नाशिकला लागली की खाकी कपड्यांतच घरी यायचे. ते आले की अण्णा वेगळेच व्हायचे. एरवी मोजकं बोलणारा माणूस पोरासारखा त्यांच्याभोवती फिरायचा. जेवण झालं की अण्णा म्हणायचे, "दादा, सांग की पहिला भाग." आणि दादा सांगायचे. दर वेळी थोडा वेगळा. एकदा यान सिन्नरच्या घाटात अडकलं. एकदा लोखंडी माणसाला डिझेल पुरेना. मी माळ्यावर अकाउंटन्सीचं पुस्तक उघडून बसलेलो असायचो आणि खालून हसण्याचा आवाज यायचा. मी पहिल्या वर्गात पास झालो तेव्हा अण्णांनी पेढ्यांचा पुडा घेतला आणि सगळ्यांत आधी दादांना फोन लावला. "दादा, आपला सोपान पहिला आला!" मी समोर उभा होतो. माझ्या हातावर पेढा नंतर आला. ज्या घराने मला उभं केलं त्या घरात मला एका पन्नाशीतल्या ड्रायव्हरचा हेवा वाटायचा. माझ्यासाठी कुणी यान सिन्नरच्या घाटात अडकवलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी दादा गेले. अण्णा रडलेले मी पाहिले नाहीत. फक्त त्यांनी नवीन माणसाला यानाच्या पिक्चरबद्दल विचारणं बंद केलं.

मी आता बँकेत आहे, नांदेडला. मागच्या महिन्यात सुट्टीवर नाशिकला आलो तेव्हा पेपरात जाहिरात पाहिली. हल्ली जुने सिनेमे पुन्हा थेटरात लावतात, तसा तो यानाचा सिनेमा मॉलमध्ये आठवडाभर लागला होता. मला वाटलं, इतकी वर्षं घेतलं, आता काहीतरी द्यायची वेळ आली. अण्णांना पहिला भाग मी दाखवणार. दादांना जे जमलं नाही ते मी करणार. या विचारात प्रेम किती आणि चढाओढ किती, ते मला तेव्हा वेगळं करता आलं नसतं.

अण्णा आधी नाहीच म्हणाले. आत्याने आग्रह केला, "जा हो, पोरगं एवढं म्हणतंय." शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. वरच्या मजल्यावर, पडद्याच्या दालनाबाहेर मऊ सोफे होते. अण्णा त्यातल्या एकावर बसले.

"जा तू. मी थांबतो इथं."

"अण्णा, दोन तिकिटं काढलीत."

"तिथंच चुकलं तुझं. एकच काढायचं."

मी पुष्कळ विनवलं. सिनेमा सुरू व्हायची वेळ झाली. शेवटी मी एकटाच आत गेलो, मनातल्या मनात चिडून, की निदान पहिला भाग मी तरी बघेन आणि बाहेर येऊन त्यांना जसाच्या तसा सांगेन.

यान होतं. कॅप्टन होता. लोखंडी माणूस होता, पण तो राम राम करत नव्हता. पाण्याचा कुठे संबंध नव्हता. चंदेरी कपड्यांतली बाई शास्त्रज्ञ होती. पोरगा शोधत मी सबंध पहिला भाग बसलो. कुणी पोरगा नव्हता. यानात एक अंधारी खोली होती, तिथे कॅप्टन एकटाच चाचपडत जातो. हातात बॅटरी धरायला कुणी नसतं. ते दृश्य आलं आणि मी मागे वळून दाराकडे पाहिलं.

मध्यंतर झालं. मी बाहेर आलो तर अण्णा दाराशीच उभे, उजवा हात पुढे करून. गेटपास हवा होता त्यांना. आता गेटपास कुठला? तिकीट माझ्या मोबाईलमध्ये. मी खिसे चाचपले आणि पाण्याच्या बाटलीची पावती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती नीट घडी करून मुठीत धरली.

"अण्णा, पहिला भाग सांगू?"

"नको."

"थोडक्यात सांगतो."

"नको म्हणतो ना. तुला इंग्रजी येतं. तू खरं सांगशील."

आजूबाजूला माणसं पॉपकॉर्नच्या बादल्या घेऊन जात होती. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "त्यात पोरगा नाही, हे मला कळत नाही होय? इतका खुळा नाही मी. पण मी बाहेर सायकलींपाशी बसलेलो रे. आणि दादाला आत एकट्याला बघवेना. त्याने मला यानातच बसवून टाकलं."

मग ते पावती दाखवत आत गेले. दारावरच्या मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. तिने सोडलं.

मला आत जाता आलं असतं. खुर्ची होती माझी. मी गेलो नाही. त्या सोफ्यावर बसून भिंतीतून येणारी घरघर ऐकत राहिलो.

सिनेमा सुटल्यावर मी रिक्षा बोलावली. अण्णांनी हाताने नको केलं. "चालत जाऊ. रिक्षात सांगता येत नाही, रिक्षावाला ऐकतो." मग त्र्यंबक रोडच्या कडेने, गाड्यांच्या आवाजाच्या वर आवाज चढवून, त्यांनी मला दुसरा भाग सांगितला. घर आलं तरी संपला नव्हता, म्हणून आम्ही कॉलनीला अजून एक फेरी मारली.

नांदेडला परतल्यावर मला फोनवर जे बोलता आलं नाही ते मी पत्रात लिहिलं. ते असं:

ती. अण्णांना सोपानचा सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. आत्याने दिलेली चटणी प्रवासात थोडी सांडली, तिला सांगू नका.

इथे माझ्या शेजारच्या टेबलावरचे एक जण सिनेमाचे फार शौकीन आहेत. त्यांच्या मोबाईलमध्ये आपला पिक्चर आहे. म्हणाले, तुमचा पहिला भाग झालाय ना, पुढे सरकवून शेवट बघून टाका. मी नको म्हणालो. त्यांना ते विचित्र वाटलं.

अण्णा, तुम्ही चालता चालता सांगितलंत की शेवटी यान बंद पडतं, कुणालाच काही सुचत नाही, आणि लासलगावकडचा एक पोरगा पुस्तकात बघून ते चालू करतो. मी विचारलं, यानाच्या वाटेत लासलगाव कुठून आलं? तुम्ही म्हणालात, वाटेतच लागतं. मी पुढे काही विचारलं नाही. त्याचं नावही विचारलं नाही.

तो पिक्चरमध्ये आहे की नाही हे मी आयुष्यात बघणार नाही. फक्त एक सांगायचं राहिलंय तुमचं. यान चालू झाल्यावर कॅप्टनने त्याला बसायला जागा कुठे दिली? सुट्टीत येईन तेव्हा तेवढं सांगा.

तुमचा,
सोपान