पाणीपुरवठ्यावरील परकीय हल्ला

जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतर पाणीपुरवठा विभागाचे कार्यालय नेहमीप्रमाणे उघडले आणि त्यानंतर थोड्याच वेळात शहरातले सगळे पंप बंद पडले. या दोन घटनांमधला कार्यकारणसंबंध अख्ख्या इमारतीत एकाच माणसाला ठाऊक होता. तो म्हणजे विभागाचा संगणक अधिकारी.

पंपांच्या यंत्रणेत शिरण्याचा अधिकार नियमाप्रमाणे फक्त मुख्य अभियंत्यांना होता. मुख्य अभियंते सदैव बैठकीत असत, म्हणून सगळा विभागच मुख्य अभियंता होऊन आत शिरे. पासवर्ड दर महिन्याला बदलावा, हा सुरक्षेचा दंडक होता. प्रत्येक बदल सर्व संबंधितांना लेखी कळवावा, हा प्रशासनाचा. दोन्हींचे काटेकोर पालन व्हावे म्हणून नवा पासवर्ड 'अतिगोपनीय' असा शिक्का मारून जिन्याजवळच्या सूचनाफलकावर लावला जाई. सुट्टीत महिना बदलला. फलकाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. सकाळी येईल त्याने जुना पासवर्ड मारला, यंत्रणा नाही म्हणताच तोच पुन्हा अधिक जोरात मारला, आणि अखेर यंत्रणेने धसका घेऊन स्वतःला आतून कडी लावली.

कडी काढणे संगणक अधिकाऱ्याच्या हातचा मळ होता. परंतु त्याआधी कारण नमूद केलेला अहवाल लागे, आणि त्याला तर घाई होती. शेजारच्या देशात दिलेली त्याची धाकटी बहीण त्या आठवड्यात येणार होती. आईच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले होते, आणि "धाकटी आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही" असे आईने डॉक्टरांना बजावले होते. त्याला रजा हवी होती.

"कारण काय लिहिताय?" मुख्य अभियंत्यांनी विचारले.

"साहेब, तुमच्या नावाने चाळीस जणांनी चुकीचा पासवर्ड मारला."

"म्हणजे माझ्या नावावर चाळीस चुका? बढतीच्या तोंडावर?"

"पण झालंय तसंच, साहेब."

"झालंय ते सगळेच लिहितात. तुम्ही शिकलेले आहात, जरा नीट लिहा. रजेचा अर्ज माझ्याकडेच आहे ना?"

संगणक अधिकारी विज्ञानाचा पदवीधर होता. खोटे लिहिणे त्याच्या स्वभावात नव्हते. मोघम लिहिणे मात्र नोकरीने शिकवले होते. 'अज्ञात व्यक्तींकडून यंत्रणेत अनधिकृत प्रवेशाचे वारंवार प्रयत्न' असे त्याने लिहिले. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. रजा मंजूर झाली.

दुपारी नळांना पाणी आले. अहवाल मात्र वर निघाला तो थांबेचना. सचिवालयाला 'अज्ञात' हा शब्द पसंत पडला नाही, कारण अज्ञाताचा शोध घ्यावा लागतो. तिथे त्याचे 'बाह्य' झाले. गृहखात्याने 'बाह्य'चे 'परकीय' केले. परराष्ट्रखात्याने कोणता परका ते ठरवले, आणि ते अवघड नव्हते. बाकी सर्व शेजाऱ्यांकडून कर्ज घेतलेले असल्याने भांडायला एकच देश शिल्लक होता. राजदूताला समज देण्यात आली. सीमा बंद झाली. बहिणीचे तिकीट रद्द झाले.

"दादा, हे काय नवीनच?" तिने फोनवर विचारले. "कसला हल्ला नि काय!"

"अगं, कोणी काही केलेलं नाही. आमच्याकडेच पासवर्डचा घोळ झाला."

"मग सांग ना तसं! तोंडाला काय कुलूप लागलंय? आई थांबलीय माझ्यासाठी."

आयुष्यात प्रथमच तो वरिष्ठांना न विचारता परराष्ट्रखात्याच्या सहसचिवांकडे गेला. सहसचिवांनी त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

"उशीर केलात," ते म्हणाले. "त्यांनी कबुली दिली."

"कसली? त्यांनी तर काहीच केलेलं नाही!"

"स्पष्ट नाही दिली. 'आमच्या सामर्थ्याची शेजाऱ्यांना कल्पना आलीच असेल' एवढंच म्हणाले. त्यांच्या सायबर पथकाला आजवर काही जमलं नव्हतं. गुंडाळायच्याच बेतात होते. काल पथकप्रमुखाला पदक मिळालं."

"साहेब, पुरावा एवढासुद्धा नाही."

"तेच तर! माग न ठेवणं हे उच्च कौशल्याचं लक्षण आहे, असं तज्ज्ञ समितीने नमूद केलंय."

"समितीत कोण आहे?"

"अध्यक्ष तुमचे मुख्य अभियंते. सदस्य-सचिव तुम्ही. आदेश निघालाय, अभिनंदन."

पुराव्याचा अभाव हाच पुरावा मानणाऱ्या शास्त्रापुढे त्याची पदवी अपुरी होती. तो घरी आला.

आता आपल्या देशाच्या सायबर पथकालाही उत्तर देणे भाग होते. त्यांच्याही हाती कधी काही लागलेले नव्हते. सुदैवाने सीमेपलीकडे एका मांजराने ट्रान्सफॉर्मरमध्ये देह ठेवला आणि अर्ध्या शहराचे दिवे गेले. त्यावर आपल्या मंत्र्यांनी काहीही भाष्य न करता कॅमेऱ्याकडे पाहून मंद स्मित केले.

"कालपासून अंधारात बसलोय," बहीण कडाडली. "सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. तुला काहीच कसं वाटलं नाही रे?"

"अगं, ते मांजर होतं!"

"मांजर! तुमचा मंत्री टीव्हीवर हसला, तो काय मांजरासाठी? मला शिकवू नकोस, दादा." तिने फोन ठेवला. थोड्याच दिवसांत दोन्ही देशांमधली फोनसेवाही सुरक्षेच्या कारणास्तव बंद झाली.

डॉक्टरांनी आता थांबता येणार नाही म्हणून सांगितले. तेव्हा त्याने जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले. झाले ते सगळे सोप्या भाषेत लिहून स्वतःच्या नावानिशी मोबाइलवरून सर्व परिचितांना पाठवले. आईनेही वाचले.

"पटतंय रे," ती म्हणाली. "पण एवढी माणसं खोटं कशी बोलतील? आणि तेही दोन्हीकडची?" मग उशी सारखी करत म्हणाली, "तिला काही कळवू नकोस. चल, नेतात तर नेऊ दे."

त्याचा तो मजकूर, वाचकहो, फिरत फिरत आपल्याकडेही आला होता. लांब होता, त्यात कोणी शत्रू नव्हता; आपण दोन ओळींनंतर सोडून दिलात. त्यामागोमाग दुसरा आला, 'देशाचे पाणी विकणाऱ्या अधिकाऱ्यापासून सावध राहा'. तो सुटसुटीत होता. आपण तो पाच जणांना पाठवलात, वर स्वतःचे दोन शब्द जोडून. पाचातले चौघे जेवत होते. पाचवा शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर, शेजारची जागा मोकळी ठेवून बसला होता.