गुणाजीकाका निरोपाला येतात

आमच्या बेटावरच्या मराठी गावातून कोणीही विलायतेला निघालं, की विमानतळावर सगळ्यांत मोठ्यानं गुणाजीकाका रडत. जाणारा त्यांचा नातेवाईक असायलाच हवा, अशी अट नव्हती. तोंडओळख असली तरी त्यांना पुरे.

सत्तर सालानंतरचे ते दिवस. गावातली पोरंपोरी नर्सिंग शिकायला इंग्लंडला जाऊ लागली होती. एकाला पोचवायला अख्खं गाव भाड्याची बस करून जाई. ड्रायव्हरच्या मागची सीट काकांची. शेजारी काकी, मांडीवर पुऱ्यांची टोपली. "उपाशीपोटी रडू नये, चक्कर येती," असं काकांचं मत होतं. ते अनुभवाचे बोल असल्यामुळे कोणी वाद घालत नसे.

एरवी हा माणूस रडणाऱ्यांतला नव्हता. जन्म उसाच्या मळ्यावरच्या मजुरांच्या कॅम्पात, सारी हयात ऊसतोडीत. विमानतळ सोडला, तर स्वतःचा प्रवास बेटाच्या राजधानीच्या, पोर्ट लुईच्या पुढे कधी नाही. धाकट्या मुलाच्या पायात कोयता गेला, तेव्हा काकांनी जखमेवर फडकं आवळलं आणि "बे, की पू फेर!" म्हणाले. आमच्या बेटाच्या बोलीत म्हणजे, आता करणार काय. वादळात गोठ्याचे पत्रे उडाले, थोरल्यानं परस्पर लग्न ठरवलं, तेव्हाही "बे, की पू फेर!" यापलीकडे शब्द नाही.

विमानतळावरच्या रडण्याला मात्र शिस्त होती. पासपोर्टाच्या खिडकीपाशी रडायचं नाही, साहेब बिचकतात. सामान वजनाला लागलं की नाक ओढायला सुरुवात, आणि जाणारा आत वळला की हंबरडा. एकदा आमच्या गावच्या पोराचं विमान लांबलं. काकांची तर सगळी तयारी झालेली. शेजारी एका चिनी दुकानदाराचा मुलगा फ्रान्सला निघाला होता, त्याच्यासाठी ते रडले. इतके, की त्या मुलाच्या आईनं नवऱ्याला बाजूला घेऊन, हा माणूस तुमचा कोण, असं खडसावून विचारलं. मुलगा मात्र काकांना मिठी मारून गेला.

मला या प्रकाराची भारी लाज वाटे. मी रोझ हिलच्या कचेरीत कारकून, कडक इस्त्रीचा माणूस. पण घर काकांच्या शेजारी, त्यामुळे त्यांना दंडाला धरून परत बसमध्ये चढवायचं काम माझ्याकडे. एकदा वैतागून मी विचारलं, "काका, तो तुमचा कोण लागतो हो?"

"कोनाचा तरी लागतोच ना, बाबा," ते म्हणाले आणि काकींकडे पुरी मागितली.

मग त्यांच्याच सविताची पाळी आली. दोन मुलांच्या पाठीवरची एकुलती लेक. गावानं या वेळी मोठी बस केली. खरं सांगायचं तर लोकांनी काकांचं रडणं बघायलाच जागा धरल्या होत्या.

सामानाचं वजन झालं, काका नाहीत. आत जायची वेळ झाली, तरी नाहीत. सविता टाचा उंचावून गर्दीत बघत होती. "बापू कोत ली एते? कुठं गेला? त्याला भेटल्याबिगर मी जायची नाय," म्हणून तिनं पिशवी खाली ठेवली. मी बाहेर धावलो.

काका रिकाम्या बसमध्ये आपल्या सीटवर बसले होते. पुढची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरलेली.

"काका, चला! ती अडून बसलीय."

"नाय येत."

"अहो, साऱ्या गावाच्या पोरांसाठी रडता, आणि स्वतःच्या लेकीला..."

"त्यांच्या बापांना कदी रडताना बघितलास?"

मी आठवून पाहिलं. एकालाही नव्हतं बघितलं.

"बाप रडला का पोर माघारी फिरतंय. म्हनून त्यानं गुमान ऱ्हायाचं. मंग त्याच्या वाटचं कोनी तरी रडाया नको? पोराला कळाया नको?" काकांनी दांडी आणखी आवळली. "मला आता गुमान ऱ्हावत नाय, बाबा. सवय गेली. तिनं मला बघितलं तर जानार नाय. आज माझ्या वाटचं तू रड."

"मला नाही येत, काका."

"जा. विमान थांबनार नाय."

मी परत गेलो. "बापू?" सवितानं विचारलं. बसमध्ये आहेत, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. चारचौघांत, कचेरीतले दोघे ओळखीचे समोर उभे असताना, मी लहान पोरासारखा हुंदके देत होतो. त्यातच जमेल तसं काकांचं म्हणणं तिला सांगितलं.

सवितानं पिशवी उचलली.

"पा प्लोरे, दादा. रडू नका," ती म्हणाली. "बापूला सांगा, मी रडले नाय." आणि आईच्या पाया पडून आत गेली. तिला समोरचं दारसुद्धा नीट दिसत नव्हतं, काचेला खांदा आपटला तिचा.

मी बसमध्ये येऊन काकांना सांगितलं, रडली नाही म्हणून.

"नाय ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणालो.