मुकी डरकाळी

“अँटेना गाडीवर कुठे लावायचा हे मला कुणी शिकवू नये,” असं आर्विड स्कोगनने धान्यकोठारापाशी चारचौघांत सांगून टाकलं, आणि तिथूनच त्याची साडेसाती सुरू झाली.

त्या वर्षी दक्षिण डकोटातल्या व्हेस्टरबी गावात, ज्याच्या गाडीत बोलायचा-ऐकायचा सीबी रेडिओ नाही त्याला कुणी माणसात धरत नव्हतं. शेतकरी या गाडीतून त्या गाडीत पिकापाण्याच्या गप्पा मारत. हायवेवरचे ट्रकवाले पोलीस कुठे दबा धरून बसलेत ते एकमेकांना सांगत. रेडिओवर खरं नाव कुणी घेत नसे, प्रत्येकाचं एक टोपणनाव असे. आर्विडने साठीच्या उंबरठ्यावर स्वतःसाठी ‘डरकाळी’ हे नाव घेतलं. अडचण एवढीच होती की ही डरकाळी पुढच्या वळणापलीकडे जातच नव्हती.

आधी त्याने अँटेना मागच्या बंपरवर लावला. चांगला उंच, लवलवता. शेजारच्या क्लिफर्डच्या अंगणातून गाडी मागे घेताना तो कपड्यांच्या दोरीत अडकला आणि क्लिफर्डच्या लांब चड्ड्यांची अख्खी माळ मिरवत आर्विड धान्यकोठारापर्यंत गेला. सगळा रस्ता तो रेडिओवर “मला कोणी ऐकतंय का?” असं विचारत होता. ऐकलं कुणीच नाही, बघितलं मात्र सगळ्यांनी.

मग आरशाच्या दांडीवर लावून पाहिला. “काहीतरी बोलतोयस खरं,” क्लिफर्ड म्हणाला, “पण तव्यावर बेकन तळल्यासारखी नुसती चरचर ऐकू येते. मला तर भूक लागली.” त्यानंतर लोहचुंबकाचा अँटेना आणून छतावर ठेवला. तो वाऱ्याने घसरला आणि निळ्या रंगावर वीतभर ओरखडा उठला. त्यानंतर दोन दिवस लव्हर्न, म्हणजे आर्विडची बायको, त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

कारण गाडी लव्हर्नच्या वडिलांची होती. म्हातारा दर शनिवारी तिला मेण लावून पुसायचा. तो गेला, शेत भावांनी घेतलं, लव्हर्नने फक्त गाडी मागितली. अबोला सुटल्यावर ती एवढंच म्हणाली, “आर्विड, अँटेना हवा तिथे लाव, माझ्या डोक्यावर लाव. पण बाबांच्या गाडीच्या छताला हात लावायचा नाही. शब्द दे.”

आर्विडने शब्द दिला. दिला तेव्हा तो अगदी मनापासून दिला होता.

पण धान्यकोठारापाशी त्याला सगळे ‘मुकी डरकाळी’ म्हणायला लागले. रेडिओच्या दुकानदारानेही तेलच ओतलं. “छताच्या बरोब्बर मध्ये भोक पाडून बसवा,” तो म्हणाला, “चारी बाजूंना सारखा पत्रा मिळाला की आवाज चारी दिशांना सारखा जातो. बाकी सगळे जुगाड.” त्या दिवसापासून आर्विडला जेवताना, झोपताना, ताटात आणि छतात, सगळीकडे ते भोकच दिसायला लागलं.

रविवारी सकाळी त्याच्या कमरेत उसण भरली.

“चर्चला नाही जमणार गं,” तो पलंगावरून कण्हला. लव्हर्न चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, तिला थांबणं शक्य नव्हतं. तिने गरम पाण्याची पिशवी त्याच्या कमरेखाली सरकवली आणि समोरचा रस्ता ओलांडून चर्चमध्ये गेली. दार लागल्याबरोबर उसण उतरली. पहिलं गीत सुरू होताच ड्रिलही सुरू झालं. अर्धा देवाचा आवाज, अर्धा सैतानाचा.

भोक पडलं, अँटेना बसला, वायर जोडली. आर्विडने माइक तोंडाशी धरला. “मी डरकाळी. कोणी ऐकतंय का?”

“ऐकतोय?” हायवेवरून कुणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं. “अरे बाबा, तू तर माझ्या मांडीवर बसून बोलतोयस. मी लाल कांदा, डुकरं घेऊन ओमाहाला चाललोय.”

आर्विडच्या डोळ्यांत पाणी आलं. इतके महिने वाया गेल्यावर कोणीतरी आपल्याला ऐकलं, आणि तेही इतकं स्वच्छ. माणूस असा आनंदला की जिभेला हाड राहत नाही. लाल कांद्याने सहज विचारलं, रविवारचा चर्चला नाही गेलास? झालं, बांध फुटला.

उसण कशी भरवली ते त्याने सांगितलं. आमचे पाळक प्रवचन द्यायला लागले की देवसुद्धा घड्याळ बघतो, हेही सांगितलं. प्रार्थनेनंतर इनगाबाईंची कॉफी प्यावी लागते, तिच्यात कपाचा तळ दिसतो. क्लिफर्ड गायला लागला की फाटकात बैल अडकलाय असं वाटतं. मग बाबांची गाडी, दिलेला शब्द, पाडलेलं भोक, सगळं साग्रसंगीत झालं. मध्येच समोरचा ऑर्गन थांबला. प्रवचन सुरू झालं असणार, अजून भरपूर वेळ आहे, असा हिशेब करून आर्विड आणखी बोलला.

घंटा झाली तेव्हा तो पलंगावर जाऊन पडला होता. पिशवी कमरेखाली, चेहऱ्यावर वेदना.

तिकडची माणसं कुणाला तोंडावर काही बोलत नाहीत. ती जेवण घेऊन घरी येतात.

सगळ्यात आधी पाळक टॉलफसन आले. हातात नूडल्स आणि खिम्याचं गरम भांडं. “पडून राहा, आर्विड,” ते मायेने म्हणाले. “तुझ्यासाठी खास प्रार्थना करतो. आज घड्याळ मुद्दाम घरी ठेवून आलोय.” आणि त्यांनी थेट बायबलातल्या अब्राहामापासून सुरुवात केली. आर्विड कण्हत राहिला. मध्येच बरं वाटायला लागलंय असं म्हणाला, तर पाळकांनी त्याबद्दलही देवाचे आभार मानले आणि आणखी लांबवलं.

“आर्विडभाऊ, कॉफी आणलीय हो,” इनगाबाई थर्मास घेऊन आत आल्या. “आज जरा दाट केलीय. तळ दिसायचा नाही.”

आर्विडला खरंच घाम फुटला. दाट कसली, डांबर होतं ते. इनगाबाई गोड हसत कप रिकामा होईपर्यंत उशाशी उभ्या राहिल्या आणि मग दुसरा भरला.

योगायोग असेल, असं त्याने मनाला समजावलं. एवढ्यात क्लिफर्ड टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. “आजारी माणसाला गाण्याने बरं वाटतं म्हणतात,” तो म्हणाला, आणि पलंगाच्या पायथ्याशी येऊन त्याने गीत सुरू केलं. सगळी कडवी म्हटली. फाटकातला बैल आज सुटूनच आला होता.

“क्लिफर्ड,” आर्विड खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, “तुम्हा सगळ्यांना कसं कळलं?”

“चर्चमध्ये नवे लाउडस्पीकर बसवलेत ना,” क्लिफर्ड टोपी घालत म्हणाला. “म्हाताऱ्यांना ऐकू यावं म्हणून. दुसरं गीत चालू असताना त्यांतून एकदम तुझाच आवाज यायला लागला. तुझा रेडिओ इतका जवळ आणि इतका जोरात, की स्पीकरच्या वायरींनीच तो पकडला. ट्रकवाला काय म्हणाला ते नाही कळलं, पण तुझा शब्द न् शब्द कळला. बेकन वगैरे काही नाही. छान बसवलायस अँटेना.”

सगळे गेले. बऱ्याच वेळाने लव्हर्न आत आली. ती आधी गाडीपाशी जाऊन आली होती, बोटांना पत्र्याचा निळा कीस लागला होता. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तो कीस बोटांनी चोळत राहिली. आर्विडला आता कंबर सोडून बाकी सगळीकडे दुखायला लागलं.

“रागावली आहेस?”

“बाबा असते तर रडले असते,” ती म्हणाली. “मी ऑर्गनवर होते म्हणून रडले नाही.”

“चुकलो गं.”

“ते नंतर बघू. आधी मला एक सांग. तू म्हणालास, ‘माझ्या बायकोला हे कळलं तर…’ आणि नेमकी तेव्हाच पाळकांनी घाईघाईने स्पीकरची वायर उपटली. अख्खं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. तेव्हापासून सगळे मला तेच विचारताहेत, आणि मला काही सांगता येत नाही.” ती त्याच्याकडे वळली. “कळलं मला. आता पुढचं बोल. कळलं तर काय?”

आर्विडने छताकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, मग कानावर हात ठेवला.

“तुझा आवाज तुटतोय,” तो म्हणाला. “नीट ऐकू येत नाहीये.”

लव्हर्नने त्याचा हात बाजूला केला आणि तोंड त्याच्या कानाला लावलं.

“आता येतोय?”