धम्मपालला कुणी काढेना

धम्मपालला नोकरीवरून काढून टाकावं, अशी सगळ्यात जास्त इच्छा खुद्द धम्मपालचीच होती. कल्याणच्या एका इस्पितळात त्याला पंप ऑपरेटरची नोकरी लागली होती, तीही कायम. अट एकच. सोमवारी हजर होताना जुन्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर आणायचं, नाहीतर यादीतला पुढचा माणूस घेणार. आणि ते लेटर द्यायचं होतं हितेशशेठने.

हितेशच्या एजन्सीतर्फे धम्मपाल ठाण्यातल्या बाळकुमच्या एका सोसायटीत पाणी सोडायचा. कामगाराने काम सोडायचं तर नव्वद दिवस आधी लेखी कळवायचं आणि एजन्सीने कामगाराला काढायचं तर फोनवर एक मेसेज पुरे, असं करारात स्वच्छ लिहिलेलं होतं. खाली धम्मपालची सहीही स्वच्छ होती.

"म्हणजे आपण सोडलं तर तीन महिने, आणि त्यांनी हाकललं तर लेटर त्याच दिवशी?" त्याची बायको स्वप्ना म्हणाली. "मग हाकलून घे ना रे!"

मंगळवारी धम्मपालने भरदुपारी पंपाच्या खोलीत ताणून दिली. हितेश राउंडला आला, त्याने पाहिलं आणि पंखा लावून दिला.

"झोप रे. कुठला वॉल कुठल्या विंगचा, ते तुझ्याशिवाय कोनाला म्हायती?"

खरंच होतं. व्हॉल्व्ह चौदा, आणि बिल्डर नकाशा न देताच पसार झालेला.

बुधवारी धम्मपालने बी विंगचं आठचं पाणी मुद्दाम सहालाच सोडलं. बी विंग चार वर्षं नेमकं हेच मागत होती. तिसऱ्या मजल्यावरच्या शेवंतीकाकूंनी त्याला वाटीभर शिरा आणून दिला. तो शिरा त्याला अजिबात गोड लागला नाही.

पण एका विंगला लवकर म्हणजे दुसरीला ठणठणाट. गुरुवारीही त्याने तेच केलं, आणि चेअरमन प्रशांतराव दाढीच्या फेसासकट ए विंगमधून खाली उतरले. धम्मपालला बरं वाटलं.

"माझीच चूक, साहेब. शेठकडे तक्रार करा. लेखी करा."

"तक्रार कसली करायची? आता बघाच!" प्रशांतराव फेस उडवत म्हणाले.

शनिवारी सकाळी धम्मपाल कामावर आला, तर पंपाच्या खोलीत हितेश डोकं धरून बसलेला. त्याने फोन पुढे केला. सोसायटीचा मेसेज होता. आपल्या एजन्सीची सेवा आजपासून बंद.

"मना मेसेजवर काढला रं!" हितेश ठाण्याची भाषा विसरून थेट घरच्या बोलीवर आला. "येक दिसाची नोटीस नाय! ह्यो काय न्याय झाला?"

धम्मपालला फार वाईट वाटलं. काढायचं होतं एकाला आणि गेली अख्खी एजन्सी. "शेठ, तुमच्या करारात नोटीस नव्हती?"

"मी सोडला तर नव्वद दिस. त्यांनी काढला तर मेसेज."

"आणि तुम्ही सही केलीत?"

"वाचतोय कोन? तुमचा करार पन त्याच्यावरूनच मारलेला. टायपिंगवाल्याला बोललो, नावं बदल फक्त."

मग धम्मपालने कल्याणच्या नोकरीचं सांगून टाकलं. आता अडवायला कामच उरलं नव्हतं, तेव्हा हितेशनेच लेटरहेड काढलं आणि धम्मपालला लेटर लिहून दिलं. शाई वाळते न वाळते, तोच प्रशांतराव हसतमुखाने आत आले.

"वॉचमन, सफाईवाले, सगळे आता थेट आमच्याकडे. धम्मपाल, तुम्हीही. हे घ्या पेन, इथे सही करा."

सवयीने धम्मपालचा हात पुढे गेला. हितेशने तो मनगटाला धरून मागे ओढला.

"पयला वाच रं!"

धम्मपालने वाचलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग कागद घडी घालून परत दिला. "नको साहेब. मी सोमवारपासून कल्याणला."

"सोमवार? परवा?" प्रशांतरावांचा आवाज चढला. "अहो, चौदा व्हॉल्व्ह आहेत! असं कुणी सोडून जातं का? माणसाने निदान महिना-दोन महिने आधी तरी सांगावं!"

हितेश इतका हसला, की पंपाचा आवाज ऐकू येईना.